'ग्रीफ'ने मेलेली माणसे

१६३२ साली लंडनमध्ये ९५३५ माणसे पुरली गेली. आकडा इतका नेमका सांगता येतो, कारण त्या काळी शहरातल्या पॅरिशांचे कारकून दर आठवड्याला मृतांची यादी तयार करत आणि वर्षअखेरीस तिची बेरीज छापली जाई. या याद्यांना 'बिल्स ऑफ मॉर्टॅलिटी' म्हणत. १६३२ च्या यादीत क्षयाचे १७९७ आहेत, तापाचे ११०८ आहेत, दातांच्या दुखण्यात दगावलेले ४७० आहेत. प्लेगने त्या वर्षी शहरावर दया केली होती, अवघे ८. वर्णानुक्रमाने खाली उतरत गेले की 'गाउट'चे ४ बळी लागतात, काविळीचे ४३ लागतात, आणि या दोहोंच्या मध्ये एक नोंद आहे: ग्रीफ, ११.

ग्रीफ म्हणजे दुःख, असे आपण शाळेत शिकलो. मग ही अकरा माणसे दुःखाने मेली म्हणायची का? मराठीत आपणही 'मुलगा गेला त्या दुःखानं म्हातारी गेली' असे म्हणतो, पण ते ओसरीवर बसून. मृत्यूच्या दाखल्यावर तसे लिहीत नाही. लंडनच्या कारकुनाने लिहिले, आणि पुढे तीस वर्षांनी एका माणसाने त्याची बेरीजही केली.

त्या माणसाचे नाव जॉन ग्राँट. धंदा कापड-बिसाती मालाचा. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या या दुकानदाराने जुन्या याद्या गोळा केल्या, वीस वर्षांचे २,२९,२५० मृत्यू कारणवार मांडले आणि १६६२ मध्ये त्यावर पुस्तक छापले. लोकसंख्याशास्त्राची सुरुवात बरेच जण या पुस्तकापासून धरतात. (पदवी नसताना संशोधन करणाऱ्या आमच्यासारख्यांना ग्राँटचे नाव घेताना थोडे बरे वाटते, हे कबूल करतो.) ग्राँटच्या मांडणीत वीस वर्षांत ग्रीफने मेलेल्यांची संख्या २७९ आहे. गळफास लावून घेतलेले २२२, खून झालेले ८६. म्हणजे त्या शहरात खुन्यापेक्षा ग्रीफने तिपटीहून अधिक माणसे मारली.

माझे लक्ष आकड्यापेक्षा जागेने वेधले. ग्राँटने ग्रीफला पक्षाघात, कावीळ, मुतखडा यांच्या ओळीत बसवलेले नाही. त्याने दुसरे एक कोष्टक केले आहे. त्यात पाण्यात बुडालेले ८२९ आहेत, भाजलेले १२५ आहेत, निरनिराळ्या अपघातांत ठार झालेले १०२१ आहेत. ग्रीफ या कोष्टकात आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर ग्राँटच्या लेखी तो आजार नव्हता, अपघात होता. बाहेरून येऊन अंगावर कोसळणारी गोष्ट. हे त्याने विचारपूर्वक केले की हाताला येईल तसे, ते त्याने लिहिलेले नाही. पण शब्दाचा इतिहास चाळला तर ही जागा अगदी योग्य वाटते.

शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच आली. तिच्याबरोबर आलेला हा शब्द तेराव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजी लिखाणात दिसू लागतो. फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला. लॅटिन 'ग्रॅव्हिस' म्हणजे जड. त्यावरून 'ग्रॅव्हारे', ओझे लादणे. या 'ग्रॅव्हिस'चे सख्खे भावंड आपल्या घरात आहे: संस्कृत 'गुरु'. शिकवणारा गुरू नंतरचा. आधीचा अर्थ जड, वजनदार. छंदशास्त्रातले लघु-गुरू आठवावे. 'ग्रॅव्हिटी'ला मराठीत 'गुरुत्वाकर्षण' हा प्रतिशब्द रूढ झाला, तेव्हा हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली दोन भावंडे पुन्हा शेजारी येऊन बसली. इंग्रजीत थडग्याला 'ग्रेव्ह' म्हणतात, त्याचा मात्र या कुळाशी संबंध नाही. तो खणणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आला आहे. नाद जुळतो म्हणून नाते जोडू नये.

हाच इशारा 'सॉरो' या शब्दाबाबतही द्यावासा वाटतो. तो अस्सल इंग्रजी मातीतला, ग्रीफ येण्याच्या कितीतरी आधीचा. त्याचे जर्मन भावंड 'झोर्गं' याचा अर्थ आज काळजी, चिंता असा होतो. आपण दिवसातून दहा वेळा ज्याला-त्याला म्हणतो ते 'सॉरी' या 'सॉरो'तून आले असेल असे कोणालाही वाटेल. पण नाही. 'सॉरी'चे मूळ 'सोअर' म्हणजे ठणका, दुखरी जागा या शब्दात आहे.

तर सॉरो मनातून उगवणारा आणि ग्रीफ बाहेरून लादला जाणारा, असा मूळचा फरक. जुन्या इंग्रजीत 'ग्रीव्ह' हे क्रियापद सकर्मक होते. एकाने दुसऱ्याला 'ग्रीव्ह' करायचे, म्हणजे छळायचे, जेरीस आणायचे. जमीनदार कुळाला करी, राजा प्रजेला करी, आजार रोग्याला करी. म्हणून ग्रीफचे सुरुवातीचे अर्थ बघितले तर त्यात हाल आहेत, इजा आहे, अन्याय आहे, शरीराची व्याधीसुद्धा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इंग्रजी वैद्यकाच्या पुस्तकांत पोटाचा ग्रीफ, सांध्यांचा ग्रीफ असे सर्रास लिहिलेले असते. आपण 'पोटाच्या तक्रारी' म्हणतो तसेच.

हे सगळे अर्थ एकाच वेळी कसे नांदत होते ते शेक्सपिअरच्या नाटकांत छान दिसते. 'चौथा हेन्री'च्या पहिल्या भागात जाडजूड फॉल्स्टाफ रणांगणावर अब्रू म्हणजे काय याचा हिशेब मांडतो, तेव्हा जखमेच्या वेदनेला तो ग्रीफ म्हणतो. 'ज्युलियस सीझर'मध्ये मारेकऱ्यांचे सीझरविरुद्धचे गाऱ्हाणे म्हणजे ग्रीफ. अँटनी लोकांपुढे बोलताना हाच शब्द त्यांच्यावर उलटवतो. आणि 'किंग जॉन'मध्ये शत्रूने पळवलेल्या आपल्या कोवळ्या मुलासाठी आक्रोश करणारी कॉन्स्टन्स आहे. मुलाच्या रिकाम्या जागेत हा ग्रीफ येऊन राहिला आहे, त्याच्या अंथरुणात निजतो आहे, असे ती सांगते. १५९६ च्या ऑगस्टमध्ये शेक्सपिअरचा अकरा वर्षांचा मुलगा हॅम्नेट वारला, म्हणून ते भाषण त्या दुःखातून आले असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. नाटक नेमके कधी लिहिले ते पक्के नाही, तेव्हा तो मोह आवरलेला बरा. एका लेखकाच्या लेखणीत जखम, अन्याय आणि पुत्रवियोग या तिन्हींना एकच शब्द पुरतो, एवढे मात्र निश्चित.

मग तो पुरेनासा केव्हा झाला? माझ्या समजुतीप्रमाणे ही फारकत सतराव्या-अठराव्या शतकांत पुरी झाली, आणि तिला राजकारणाचा मोठा हातभार लागला. अन्यायाच्या अर्थासाठी 'ग्रीव्हन्स' हा जुळा शब्द होताच. इंग्लंडच्या पार्लमेंटने तो हत्यारासारखा वापरला. राजाला पैसा हवा असेल तर आधी आमच्या ग्रीव्हन्सेसचे निवारण करा, मग कराला मंजुरी, असा तिथला जुना आग्रह. १६२८ चा 'पिटिशन ऑफ राइट' त्याच वळणाचा. १६४१ मध्ये पहिल्या चार्ल्सपुढे मांडलेल्या 'ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स'मध्ये तर २०४ कलमे होती, आणि पार्लमेंटमध्ये ती १५९ विरुद्ध १४८ अशा जेमतेम मतांनी संमत झाली. पुढच्या वर्षी यादवी युद्ध पेटले. १७९१ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिली दुरुस्ती झाली, तीत ग्रीव्हन्सचे निवारण मागण्याचा अधिकार नागरिकाला मिळाला. अशा रीतीने ग्रीव्हन्स सार्वजनिक झाला. त्याला कलमे आली, अर्ज आले, उत्तर देण्यास बांधील असा कोणी समोर आला. ग्रीफकडे जे उरले त्याला उत्तर देणारा कोणी नव्हता.

सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात ग्रीफचा पहिला अर्थ मनाच्या दुःखाचा दिला. इजा आणि रोग हे अर्थ मागे गेले. त्याआधी पाच वर्षे, १७५० मध्ये, त्याने 'रॅम्ब्लर' या आपल्या पत्रात दुःखावर एक निबंध लिहिला होता. त्याचा सारांश असा की, इतर सगळ्या विकारांना काही ना काही मिळवायचे असते, आणि ते मिळाले की ते शमतात. दुःखाला हवी असलेली गोष्ट होऊन गेलेल्या काळात असते, म्हणून त्यावर इलाज नाही. कोशाचे काम चालू असतानाच, १७५२ मध्ये, जॉन्सनची बायको वारली. तो निबंध आणि तो कोश एकापाठोपाठ वाचले तर शब्दाची वाटणी झालेली स्पष्ट दिसते. ज्यावर इलाज आहे तो ग्रीव्हन्स. ज्यावर नाही तो ग्रीफ.

फ्रेंचांनी ही वाटणी केलीच नाही, हे मला फार लक्षणीय वाटते. आजच्या फ्रेंचमध्येही 'ग्रीफ'चा अर्थ तक्रार, आक्षेप असाच आहे. मृत्यूच्या दुःखाला त्यांचे वेगळे शब्द आहेत. शब्द एकच, इंग्लंडमध्ये तो न्यायालयातून उठून काळजात गेला, फ्रान्समध्ये न्यायालयातच राहिला. इंग्रजी बोलण्यात मात्र जुना अर्थ अजून चोरपावलांनी वावरतो. कोणी 'केम टू ग्रीफ' म्हणजे तोंडघशी पडला, कोणी कोणाला 'गिव्हिंग ग्रीफ' म्हणजे डोके खात आहे. यात कोणी मेलेले नसते.

आपल्या कायद्यातही हा जुना अर्थ रोज कामाला येतो. भारतीय दंड संहिता १८६० मध्ये संमत झाली. तिच्या ३२० व्या कलमात 'ग्रीव्हस हर्ट'चे आठ प्रकार होते. मराठीत त्याला 'जबर दुखापत' म्हणतात. डोळा जाणे, कान जाणे, हाड किंवा दात मोडणे वगैरे. आठवा प्रकार मोजमापाचा: जिवाला धोका होईल अशी, किंवा वीस दिवस तीव्र वेदना होतील, नेहमीचे व्यवहार करता येणार नाहीत अशी दुखापत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमात या वीस दिवसांचे पंधरा झाले. ग्रीफचे वजन दिवसांनी मोजण्याची ही कल्पना वाचकांनी लक्षात ठेवावी. ती पुढे पुन्हा येणार आहे.

ग्रीव्हन्स आपल्याकडे आला तो अर्जांच्या वाटेने. १८५२ मध्ये मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिने लगोलग ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. लोकांची गाऱ्हाणी सरकारच्या कानी घालणे हेच तिचे मुख्य काम. १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या तरुण गांधींनी राजकोटला बसून जी पुस्तिका लिहिली, तिच्या नावातला पहिला मुख्य शब्द ग्रीव्हन्सेस हाच होता. हिरव्या वेष्टनामुळे ती 'ग्रीन पॅम्फ्लेट' म्हणून ओळखली गेली. तीच घेऊन ते मुंबईत फिरोजशहा मेहतांना, पुण्यात टिळकांना आणि गोखल्यांना भेटले, आणि पुण्याच्या सभेचे अध्यक्षपद डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी स्वीकारले.

ग्रीव्हन्ससाठी आज आपल्याकडे दोन शब्द आहेत. कचेरीतला 'तक्रार' मूळचा अरबी. तिथे त्याचा अर्थ पुनरावृत्ती. ज्याने सरकारी कचेरीत एकाच कामासाठी चौथा अर्ज दिला आहे त्याला ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागणार नाही. दुसरा शब्द 'गाऱ्हाणे'. त्याचा संबंध संस्कृत 'गर्हणा'शी, म्हणजे दोष देण्याशी लावतात. पण कोकणात देवळात गाऱ्हाणे घालतात तेव्हा दोष कोणालाच दिलेला नसतो. गुरव किंवा मानकरी देवापुढे उभा राहून घरातले आजारपण, न झालेले लग्न, रुसलेला भाऊ, बुडालेले पीक, सगळे एका दमात सांगतो आणि जमलेली माणसे मागून 'होय म्हाराजा' म्हणतात. त्यात तक्रार कुठे संपते आणि दुःख कुठे सुरू होते हे वेगळे करता येत नाही. शेक्सपिअरच्या काळातला ग्रीफ मराठीत आणायचा तर मी 'दुःख' न लिहिता 'गाऱ्हाणे' लिहीन.

इंग्रजीतला 'कम्प्लेंट' हा शब्दही असाच आहे. त्याच्या पोटात ऊर बडवणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद दडलेले आहे. न्यायालयातल्या वादीला 'प्लेंटिफ' म्हणतात, तोही त्याच मुळाचा. म्हणजे फिर्यादी हा मुळात ऊर बडवणारा.

मी नोकरीची बरीच वर्षे एका कचेरीत आवक-जावक नोंदवहीवर काढली. वहीत रकाने ठरलेले: क्रमांक, दिनांक, अर्जदार, विषय, कोणाकडे पाठवले. एका बाईंचा साडेतीन पानी अर्ज आला होता. नवरा कसा आजारी पडला, कोणत्या रात्री काय झाले, शेवटी तो काय म्हणाला, हे सगळे तीन पानांत, आणि शेवटच्या अर्ध्या पानात त्याच्या थकलेल्या रकमेची मागणी. विषयाच्या रकान्यात मी लिहिले, 'थकीत रकमेबाबत'. दुसरे काही लिहिता आले नसते. रकानाच तेवढा होता. रक्कम पुढे मिळाली. पहिल्या तीन पानांवर कोणता शेरा असू शकतो, हा प्रश्न मला ग्रीफचा इतिहास वाचताना पुन्हा पुन्हा पडत गेला. त्या पानांचा निवाडा करणे कचेरीच्या हातात नव्हते, पण बाईंनी ती पाने त्याच अर्जात घातली होती, वेगळी काढली नव्हती.

इंग्रजी जगात ती तीन पाने हळूहळू डॉक्टरांकडे गेली. एकोणिसाव्या शतकात वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांत ग्रीफ हे वेडाचे कारण म्हणून लिहिले जाई. त्याच शतकात मृत्यूच्या याद्या मात्र बदलल्या. रोग शरीराच्या कोणत्या भागात आहे हे पाहून वर्गवारी होऊ लागली, आणि १८९३ मध्ये झाक बर्तियों याची मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी याच धर्तीवर उभी राहिली. अशा यादीत ज्याला अवयव नाही त्याला जागा मिळणे कठीणच होते. फ्रॉइडने १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात शोक आणि मेलँकोलिया यांत फरक केला, आणि शोकाला रोग समजून त्यावर उपचार करायला जाऊ नये असे बजावले. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसे गेली. वाचलेल्यांना आणि मृतांच्या नातलगांना तपासणाऱ्या एरिक लिंडेमनने १९४४ मध्ये शोध-निबंध लिहिला. घशात आवळल्यासारखे होणे, श्वास अपुरा पडणे, अंगातली शक्ती जाणे, अशी ग्रीफची शारीरिक लक्षणे त्यात आहेत. तीनशे वर्षांनी ग्रीफ पुन्हा अंगात उतरला. एलिझाबेथ क्युब्लर-रॉसच्या १९६९ च्या पुस्तकातल्या पाच पायऱ्या आज जो तो ग्रीफला लावतो. त्या मुळात मरणाऱ्या रुग्णांविषयी होत्या, मागे राहणाऱ्यांविषयी नव्हे. त्या शाळेच्या इयत्तांसारख्या सांगितल्या जातात तेव्हा मला वैताग येतो.

१९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी हृदयाची एक अवस्था नोंदवली. मोठा मानसिक धक्का बसल्यावर हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो. तो ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्या मडक्याचे 'ताकोत्सुबो' हे नाव तिला दिले. बहुतेक रुग्ण बरे होतात, काही दगावतात. १६३२ च्या अकरा जणांत अशी कोणी असेल का? निदान कारकुनाची नोंद हास्यास्पद नव्हती एवढे म्हणता येते. त्याला माहिती पुरवणाऱ्या पॅरिशच्या म्हाताऱ्या बायका असत. त्या घरोघरी जाऊन प्रेत पाहत, शेजाऱ्यांना विचारत आणि कारण सांगत. वैद्यकाच्या इतिहासकारांनी त्यांची पुष्कळ चेष्टा केली आहे. ती मला पटत नाही. ओळखीच्या गल्लीतले मरण त्या बायकांना जितके कळत असेल तितके बाहेरून आलेल्याला कळले नसते.

आणि अलीकडची गोष्ट. बर्तियोंच्या यादीचाच वंशविस्तार म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. त्याची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि तीत ग्रीफ नावानिशी परत आला आहे: 'प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर'. मृत्यूचे कारण म्हणून नव्हे, मनोविकार म्हणून. जवळचे माणूस गेल्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र शोक राहिला आणि रोजचे जगणे अशक्य झाले तर हे निदान करता येते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत त्याच वर्षी प्रौढांसाठी ही मुदत बारा महिने धरली गेली. जबर दुखापतीला वीस दिवस, नंतर पंधरा. दीर्घ शोकाला सहा महिने किंवा बारा. या निदानावर तज्ज्ञांत वाद आहेत. ज्यांना खरोखर उठता येत नाही त्यांना उपचार मिळतील, हा एका बाजूचा मुद्दा मला मान्य आहे. पण माझ्या मनातली शंका वेगळी आहे. मुलगा बांधकामावरून पडून मेला, त्याची भरपाई बुडाली आणि बाप दोन वर्षे उठत नाही, तर त्याचा ग्रीफ किती आणि ग्रीव्हन्स किती हे कोणत्या रकान्यात लिहायचे? तीनशे वर्षांपूर्वी झालेल्या वाटणीमुळे त्याचा अर्धा कागद एका दारी जातो आणि अर्धा दुसऱ्या.

त्या वर्गीकरणात आणखी एक अट आहे. शोकाचा काळ त्या माणसाच्या समाजात, धर्मात जेवढा रीतीला धरून असेल, त्याच्या स्पष्टपणे पलीकडे गेलेला असला पाहिजे. म्हणजे निदान करणाऱ्याला आधी रीत ठाऊक हवी. आपल्याकडे दहा दिवसांचे सुतक असते, तेराव्याला गोडाचे जेवण होते आणि माणसे आपापल्या कामाला लागतात. पण त्या घरात वर्षभर सण करत नाहीत. दिवाळीत तिथे कढई चढत नाही, फराळाचे डबे शेजारून आणि नातेवाइकांकडून येतात. वर्षश्राद्ध झाले की मग पुढच्या दिवाळीला त्या घरातली बाई पुन्हा अनारशाचे तांदूळ भिजत घालते.